लॅकॉक बघायला जाताय? मग खालून सुरुवात करा

इंग्लंडमधे विल्टशायरला लॅकॉक आहे, ॲबी, म्हणजे नन्सचा जुना मठ ज्याच्यावर नंतर घर बांधलं, आणि त्याला लागून जुनं गाव. रीडिंग, स्विंडनकडे राहणारे आपले बरेच लोक बाथला जाताना याच्या जवळून निघून जातात, तसं नका करू, एक अख्खा दिवस ठेवाच. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून ट्रेनने चिपनम आणि पुढे बस, अंतर काहीच नाही. निघायच्या आधी ही जागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या साइटवर वेळा बघा, कारण खालचा मठ उघडा आणि वरचं घर बंद असं होऊ शकतं, आणि वरचं घर चुकलं तर अर्धी मजा गेली.

आत शिरलात की लगेच जिना चढू नका. आधी खालचा क्लॉइस्टर, म्हणजे नन्सचा चौकाभोवतीचा दगडी व्हरांडा. तेराव्या शतकात एला नावाच्या काउंटेसने नवरा गेल्यावर हा मठ काढला आणि पुढे स्वतःच इथली पहिली ॲबेस, म्हणजे मठाची प्रमुख झाली. व्हरांड्याच्या छताला जिथे दगडी कमानी मिळतात तिथे कोरीव चेहरे, प्राणी आहेत, मान वर करून सावकाश बघा. शेकोटीच्या खोलीत १५०० साली ओतलेला भलामोठा हंडा आहे, पोरं तिथून हलत नाहीत.

१५३९ मधे आठव्या हेन्रीने मठ बंद केला, मग शॅरिंग्टन नावाच्या माणसाने तो विकत घेतला, चर्च पाडलं पण बाकीचा मठ तसाच ठेवून त्याच्यावरच घर उठवलं, म्हणून मी म्हणते खालून वर जा, तरच कळतं की हवेलीचा पाया मठच आहे.

वर साउथ गॅलरीत बारीक चौकटींची, भिंतीबाहेर आलेली मधली खिडकी शोधा. ऑगस्ट १८३५ मधे घरमालक आणि फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या फॉक्स टॅल्बटने तिचा निगेटिव्ह काढला, आज शिल्लक असलेला जगातला सगळ्यात जुना, स्टॅम्पएवढा! त्यानेच लिहून ठेवलंय की भिंग लावलं तर सुमारे २०० काचा मोजता येत होत्या. त्याच्या त्या छोट्या लाकडी कॅमेऱ्यांना बायको उंदराचे सापळे म्हणायची. याच खिडकीतून बाहेर बघा, समोर हिरवळ आहे ना, पाडलेलं चर्च तिथे होतं.

गाव नंतर बघा. १९४४ मधे त्याच्या नातीने, माटिल्डा टॅल्बटने घरासोबत जवळजवळ सगळं गावच ट्रस्टला देऊन टाकलं त्यामुळे चार गल्ल्या, लाकडी चौकटींची वाकडी घरं, ईस्ट स्ट्रीटवरचं धान्याचं कोठार सगळं टिकलंय. घरांत भाडेकरू राहतात, खिडकीला नाक लावून फोटो काढू नका प्लीज. आणि बसमधून उतरल्या उतरल्या स्टॉपवरच्या टाइमटेबलचा फोटो काढून ठेवा, परतीची वेळ हातात असली की निवांत फिरता येतं.