संगणकाच्या प्रतिसादाची मर्यादा कशी ठरवावी?

सॉफ्टवेअर तयार करताना ‘ते जलद असावे’ एवढेच ठरवून भागत नाही. प्रत्येक पायरीवर वापरणारा कोणता विचार मनात धरून बसला आहे हे आधी लिहून काढावे आणि तो विचार न निसटता किती वेळ थांबू शकेल, त्यावरून त्या पायरीच्या प्रतिसादाची वेळमर्यादा ठरवावी.

त्यासाठी आयबीएम या संगणक कंपनीचे रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये केलेली आणि वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३ मध्ये पुन्हा मांडलेली प्रतिसादाच्या वेळेची विभागणी आधाराला घ्यावी. ०.१ सेकंदात उत्तर आले, तर ते आपल्याच हाताने घडले असे वाटते. १ सेकंदापर्यंत उशीर जाणवतो, पण विचारात खंड पडत नाही. १० सेकंदांनंतर मात्र लक्ष दुसऱ्या कामाकडे वळते. म्हणून टायपिंगला पहिली मर्यादा लावावी. देवनागरीत जोडाक्षर पडद्यावर उमटायला उशीर झाला की कळ लागली नाही असे समजून माणूस ती पुन्हा दाबतो, आणि ही चूक त्याची मानणे मला अन्यायाचे वाटते.

उशिराची खरी किंमत घड्याळात दिसते त्याहून मोठी असते. आयबीएममधील वॉल्टर डोहर्टी आणि अरविंद थडानी यांनी १९८२ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार प्रतिसाद ३ सेकंदांवरून ०.३ सेकंदावर आल्यावर प्रोग्रामरचे तासाला होणारे व्यवहार, म्हणजे आज्ञा देऊन उत्तर मिळवण्याच्या फेऱ्या, १८० वरून ३७१ वर गेले. यंत्राचे २.७ सेकंद वाचले, तर प्रत्येक व्यवहारामागे एकूण १०.३ सेकंद वाचले. कारण वाट पाहताना पुढची पायरी विसरली जाते आणि ती नव्याने आठवावी लागते.

मोजणी आपल्या उत्तम संगणकावर न करता जुन्या फोनवर आणि कमकुवत नेटवर्कवर करावी. केवळ सरासरी पाहू नये; शंभरांतील सर्वांत संथ पाच प्रतिसादांना किती वेळ लागला हे पाहावे, कारण कधी लगेच तर कधी उशिरा येणाऱ्या उत्तरावर कामाची लय बसत नाही. काम लांबणारच असेल, तर बटण दाबल्याची खूण तत्काळ दाखवावी, किती काम झाले ते सांगावे आणि रद्द करण्याची सोय ठेवावी. पैसे भरण्याच्या पायरीवर तीच विनंती दोनदा आली तरी सर्व्हरने, म्हणजे विनंती हाताळणाऱ्या दूरच्या संगणकाने, ती एकदाच नोंदवावी.

याला एक महत्त्वाची दुसरी बाजू आहे. केंटन ओहारा आणि स्टीफन पेन या संशोधकांच्या १९९८ मधील प्रयोगांत कोडे सोडवताना प्रत्येक चालीला अधिक वेळ किंवा श्रम लागू लागले, तेव्हा लोक अधिक आखणी करून कमी चालींत उत्तरापर्यंत पोहोचले. तरीही विचार करायला लावण्यासाठी यंत्र मुद्दाम संथ करू नये. नोंद कायमची पुसण्यासारख्या न परतणाऱ्या कृतीआधी नेमके काय पुसले जाणार हे दाखवून संमती घ्यावी आणि ती मिळताच काम विनाविलंब करावे.