इटलीतील निवास परवान्याचे शुल्क : किती, कोठे आणि कोणाच्या नावाने भरावे

सांगली-मिरजेहून इटलीतील विद्यापीठांत शिकायला जाणारी मुले आता नवलाची राहिलेली नाहीत. प्रवेश, व्हिसा आणि विमानाचे तिकीट यांची माहिती घरोघरी असते. मात्र तेथे पोहोचल्यावर परदेशी रहिवासी म्हणून जी नोंदणी करावी लागते, तिच्या शुल्काविषयी कमालीचे गैरसमज आहेत. काही सल्लागार आपल्या अंदाजपत्रकात ‘तेथील नोंदणी शुल्क’ असे लिहून एक ठोक रक्कम लावतात आणि पालक ती मुकाट्याने भरतात. या रकमेतील एक रुपयाही इटलीच्या सरकारकडे जमा होत नाही, कारण हे शुल्क सांगलीतील कोणत्याही कार्यालयात भरताच येत नाही. ते अर्जदाराने स्वतः, इटलीत पाऊल ठेवल्यानंतर, तेथील पोस्टात भरायचे असते. व्हिसाचे शुल्क वेगळे. शिक्षणासाठीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाला ते ५० युरो असते आणि अर्जाच्या वेळीच घेतले जाते. त्या पावतीवर ‘नोंदणी झाली’ असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

या नोंदणीला तेथे ‘पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो’, म्हणजे निवास परवाना, म्हणतात. मी ही प्रक्रिया स्वतः केली आहे आणि नंतर आपल्या भागातून गेलेल्या अनेक विद्यार्थ्यांकडून ती फोनवरून करवूनही घेतली आहे. पुढील माहिती मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी आहे. नोकरीसाठी जाणाऱ्यांचे अर्ज थोडे वेगळे असतात, पण शुल्काची रचना तीच असते.

निघण्यापूर्वी

पासपोर्टच्या सर्व पानांच्या, व्हिसाच्या, प्रवेशपत्राच्या, विम्याच्या आणि आर्थिक कागदपत्रांच्या झेरॉक्स प्रती येथेच काढून घ्याव्यात. पासपोर्ट आकाराची छायाचित्रेही येथूनच न्यावीत. जवळ १५० युरो रोख आणि तेही सुट्या नोटांत ठेवावेत, कारण भारतीय बँकेचे कार्ड तेथील प्रत्येक खिडकीवर चालेलच असे नाही.

पहिले आठ दिवस

इटलीत प्रवेश केल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांच्या आत अर्ज द्यावा लागतो. ही अट १९९८ च्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यातच आहे. ज्या पोस्टात ‘स्पोर्तेल्लो आमिको’ नावाची खिडकी असते, तेथे पिवळ्या पट्ट्याचा मोठा पांढरा लिफाफा मोफत मिळतो. त्यातील ‘मोदुलो १’ हा अर्ज विद्यार्थ्याने काळ्या शाईने, मोठ्या अक्षरांत भरावा. ‘मोदुलो २’ उत्पन्न मिळवणाऱ्यांसाठी असतो, त्याला हात लावू नये. अर्ज भरताना अडचण वाटल्यास ‘पात्रोनातो’ नावाची कामगार संघटनांशी संलग्न साहाय्य केंद्रे प्रत्येक शहरात असतात. तेथे जावे, रेल्वे स्थानकाबाहेर टेबल मांडून बसलेल्यांकडे जाऊ नये.

शुल्काचे चार भाग

या प्रक्रियेत खरी गफलत येथे होते, आणि मीही सर्वाधिक अडखळलो तो याच टप्प्यावर. शुल्क एकच नसते. ते चार वेगवेगळ्या तुकड्यांत असते आणि ते तुकडे दोन ठिकाणी भरले जातात. पहिला भाग म्हणजे परवान्याचे सरकारी अंशदान, जे मुदतीनुसार बदलते: तीन महिन्यांपेक्षा जास्त आणि एक वर्षापर्यंतच्या परवान्याला ४० युरो, एक ते दोन वर्षांच्या परवान्याला ५० युरो आणि दीर्घकालीन रहिवाशांच्या परवान्याला १०० युरो. दुसरा भाग म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डाच्या छपाईचा खर्च, जो ३०.४६ युरो असतो. हे दोन्ही भाग एकत्र करून एकाच पोस्टाच्या चलनाने भरतात, ज्याला ‘बोल्लेत्तीनो’ म्हणतात. म्हणजे एक वर्षाच्या परवान्यासाठी चलनावर ७०.४६ युरो लिहायचे, दोन वर्षांसाठी ८०.४६ आणि दीर्घकालीन परवान्यासाठी १३०.४६. तिसरा भाग १६ युरोंचे मुद्रांक तिकीट, ‘मार्का दा बोल्लो’. ते बाहेर इंग्रजी ‘टी’ अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळते. चौथा भाग ३० युरोंचा, जो लिफाफा खिडकीवर देताना पोस्टाच्या सेवेसाठी द्यावा लागतो. एक वर्षाच्या परवान्याची बेरीज ११६.४६ युरो होते, म्हणजे युरोच्या दरानुसार साधारण दहा ते बारा हजार रुपये. चलन भरताना पोस्ट स्वतःचे किरकोळ कमिशन घेते, ते यात धरलेले नाही. याहून अधिक रक्कम कोणी ‘सरकारी फी’ म्हणून सांगितली, तर त्या रकमेचा तपशील लेखी मागावा.

आता प्रश्न असा येतो की, सर्वांना इतके वेगवेगळे आकडे का सांगितले जातात. याला कारण आहे. २०१२ पासून हे अंशदान ८०, १०० आणि २०० युरो असे होते आणि कार्डाचे तेव्हा २७.५० युरो पडत, म्हणून जुन्या मार्गदर्शिकांत चलनाची रक्कम १०७.५० अशी दिसते. इटलीतील एका मोठ्या कामगार संघटनेने या शुल्काविरुद्ध दाद मागितली, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयाने हे शुल्क प्रमाणाबाहेर असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०१६ मध्ये रोमच्या प्रशासकीय न्यायालयाने ते अंशदान रद्दच केले, त्यामुळे काही काळ लोक केवळ कार्डाचे ३०.४६ युरो भरत होते. २०१७ मध्ये सरकारने नवा आदेश काढून जुन्या रकमांच्या निम्म्या रकमा लागू केल्या. या इतिहासाशी विद्यार्थ्याला देणेघेणे नाही हे खरे. परंतु कित्येक वर्षे आधी गेलेल्या मित्राचा मित्र, त्याच्याही आधीचा एखादा व्हिडिओ आणि कोणीतरी पुढे पाठवलेला संदेश हे तिघे तीन आकडे सांगतात, तेव्हा त्यांतला प्रत्येक आकडा कधीतरी बरोबर होता हे ठाऊक असले की गोंधळ उरत नाही. रक्कम मित्राला विचारू नये. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाला किंवा पोस्टातील खिडकीला विचारावी.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला विद्यार्थी येथे हमखास बिचकतो, कारण अभ्यासक्रम दोन वर्षांचा म्हणून ८०.४६ भरावेत असे त्याला वाटते. ज्याच्या व्हिसावर ३६५ दिवसांचा मुक्काम नमूद असतो, त्या विद्यार्थ्याला पहिला परवाना साधारणपणे एक वर्षाचाच मिळतो, म्हणून ७०.४६ हीच रक्कम लिहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यापीठाने लेखी वेगळे सांगितले, तरच वेगळे करावे. अल्पवयीन मुलांना अंशदान माफ असते, परंतु कार्डाचा खर्च माफ नसतो. त्यामुळे कुटुंबासह जाणाऱ्यांनी सरसकट हिशोब करू नये.

चलन लिहिताना तीन गोष्टी जपाव्यात. खाते क्रमांक ६७४२२४०२ आणि इटलीच्या अर्थ मंत्रालयाच्या कोषागार विभागाचे नाव बहुतेक वेळा आधीच छापलेले असते. कोरे चलन हाती दिले गेले, तर खिडकीवरच छापील मागून घ्यावे, स्वतः लिहीत बसू नये. रक्कम आकड्यांत लिहिताना तेथे दशांश बिंदूच्या जागी स्वल्पविराम येतो आणि अक्षरांत ‘सेत्तांता/४६’ असे लिहितात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: पैसे कोणीही दिले, तरी भरणाऱ्याच्या जागी अर्जदाराचेच नाव आणि पत्ता लिहावा. एका खोलीत राहणारी चार मुले असतील, तर त्यांपैकी ज्याच्या खिशात सुटे असतात तो चौघांची चलने भरतो आणि सवयीने चारही ठिकाणी स्वतःचेच नाव लिहितो. अशा तीन चलनांचा पुढे काहीही उपयोग होत नाही, आणि ती रक्कम परत मिळवण्यापेक्षा नवीन चलन भरणे स्वस्त पडते.

नावाविषयी स्वतंत्र इशारा

आपल्याकडच्या पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव बहुधा पहिल्या नावाच्या रकान्यातच आलेले असते. इटलीत मधल्या नावाचा वेगळा रकाना नसतो. त्यामुळे काही मुले चलनावर केवळ स्वतःचे नाव आणि आडनाव लिहितात, अर्जावर पूर्ण नाव लिहितात आणि विद्यापीठात तिसऱ्याच पद्धतीने नोंदवतात.

याचा परिणाम ‘कोदिचे फिस्काले’ या सोळा अक्षरांच्या कर क्रमांकावर थेट होतो, कारण तो नावातील व्यंजनांवरून तयार केला जातो. नावात तीन व्यंजने असतील तर ती तिन्ही घेतात, चार किंवा अधिक असतील तर पहिले, तिसरे आणि चौथे घेतात. समजा, नाव सागर शिवाजी पाटील असे आहे. केवळ ‘सागर’ लिहिले, तर नावाची अक्षरे एस. जी. आर. अशी येतात, ‘सागर शिवाजी’ लिहिले, तर एस. आर. एस. अशी येतात. आडनावाचे पी. टी. एल., जन्मतारीख आणि भारतासाठीचा झेड २२२ हा संकेत तोच राहतो, पण एकाच माणसाचे दोन कर क्रमांक तयार होतात. मग घरभाड्याच्या करारावर एक क्रमांक, बँकेत दुसरा, आणि शिष्यवृत्तीची रक्कम यांच्यामध्ये लटकलेली. म्हणून पासपोर्टवर जसे आहे तसेच, एक अक्षरही न गाळता, प्रत्येक कागदावर लिहावे. हा क्रमांक मोफत मिळतो; त्यासाठी पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून निघावे.

लिफाफा देणे

लिफाफा चिकटवून नेऊ नये. तो उघडाच द्यायचा असतो. मुद्रांक तिकीट सुटे न्यावे आणि अर्जावरील नेमलेल्या जागी खिडकीवर विचारून लावावे. चलनाच्या पावतीची एक झेरॉक्स आधीच काढावी, मूळ पावती आणि प्रत दोन्ही जवळ ठेवाव्यात आणि मागतील ती द्यावी. पासपोर्ट मूळ दाखवावा लागतो. खिडकीवरून मिळणारी ‘रिचेवूता’ ही पावती परवान्याइतकीच जपावी, कारण कार्ड हाती येईपर्यंत कायदेशीर मुक्कामाचा तोच पुरावा असतो आणि अर्ज कोठवर पोहोचला हे पाहण्याचा क्रमांक व पासवर्डही तिच्यावरच असतो.

पोलीस मुख्यालय

पोस्टातच ‘क्वेस्तूरा’ची, म्हणजे परदेशी नागरिकांचे काम पाहणाऱ्या पोलीस मुख्यालयाची, तारीख मिळते. तेथे बोटांचे ठसे घेतात. तेथे शुल्क नसते. कार्ड येण्यास काही महिने लागतात, आणि त्यासाठी रोज जाऊन विचारल्याने ते लवकर येत नाही.

नोंदणीच्या नावाखाली येणारे इतर खर्च

घरमालकाने परदेशी भाडेकरूची माहिती ४८ तासांत पोलिसांना द्यायची असते. ते त्याचे कर्तव्य आहे, न दिल्यास दंड त्यालाच १६० ते ११०० युरोंपर्यंत होऊ शकतो. म्हणून या कामासाठी भाडेकरूकडून पैसे मागणे गैर आहे. परवाना मिळाल्यावर ‘कोमूने’त, म्हणजे तेथील नगरपालिकेत, रहिवासी म्हणून नाव नोंदवणे हे आणखी एक वेगळे काम आहे. तेही नि:शुल्क असते. त्यानंतर ओळखपत्र हवे असल्यास त्याचे १६.७९ युरो आणि वर नगरपालिकेचे किरकोळ आकार पडतात. ते विद्यार्थ्याने घेतलेच पाहिजे असे नाही.

सरकारी आरोग्य सेवेची ऐच्छिक नोंदणी मात्र नीट विचार करून करावी. विद्यार्थ्यांसाठी ती २०२४ पासून वर्षाला किमान ७०० युरो झाली आहे. पूर्वी ती १५० युरोंच्या आत होती, आणि जुना आकडा अजून लोकांच्या तोंडी आहे. ही रक्कम जानेवारी ते डिसेंबर अशा वर्षाची असते आणि तिचे तुकडे पडत नाहीत. सप्टेंबरमध्ये पोहोचलेल्या विद्यार्थ्याने त्याच महिन्यात ७०० युरो भरले, तर त्याला चारच महिन्यांचे संरक्षण मिळते. त्याने पहिल्या वर्षी खासगी विमा घ्यावा आणि सरकारी नोंदणी करायचीच असेल, तर ती जानेवारीत करावी.

नूतनीकरण

परवाना संपण्यापूर्वी ६० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा. शुल्काचे चारही भाग पुन्हा पूर्ण भरावे लागतात. आधी भरले आहेत म्हणून सवलत मिळत नाही. पहिल्या वर्षात किमान एक आणि पुढील प्रत्येक वर्षात किमान दोन परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा दाखला जोडावा लागतो. नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना दिवाळीसाठी किंवा घरच्या लग्नासाठी यायचे असेल, तर जुना परवाना आणि व्हिसा दोन्ही संपलेले असतात हे लक्षात ठेवून तिकीट काढावे. त्या काळात पावतीवर इटलीतून थेट बाहेर पडता येते आणि थेट इटलीतच परतता येते; फ्रँकफुर्ट किंवा पॅरिसमार्गे येता येत नाही. रोम किंवा मिलानहून थेट भारताचे, नाहीतर आखाती शहरांमार्गे मुंबईचे तिकीट घ्यावे, जरी ते काही हजारांनी महाग पडले तरी.