पोरांना घेऊन तंजावर

पहिली गोष्ट, दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. आपल्याकडे पाऊस संपलेला असतो, पण तमिळनाडूत ईशान्य मोसमीचा खरा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरातच असतो. नाताळच्या सुट्टीत जा. उन्हाळ्याचं तर नावच काढू नका.

विमानाने किंवा रेल्वेने आधी त्रिची गाठा आणि एक संध्याकाळ तिथल्या रॉकफोर्टला, म्हणजे कातळावरच्या किल्ल्याला द्या. कातळ पोखरून काढलेल्या जिन्याने चारशेच्या वर पायऱ्या चढून माथ्यावरच्या उची पिल्लैयार गणपतीच्या देवळापर्यंत जायचं. पोरं पळत सुटतात, आपणच मागे धापा टाकत असतो. वर पोचलं की एका नजरेत कावेरी आणि श्रीरंगमची गोपुरं. पोरांची रग अशी आदल्या दिवशी जिरवली, की दुसऱ्या दिवशी देवळात ती शांत राहतात. हा माझा खात्रीचा उपाय.

तंजावरला बृहदीश्वर मंदिरात सकाळी सातच्या आत पोचा. राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पूर्ण केलेलं हे देऊळ, शिखर साठ मीटरहून उंच. पण तिथे अनवाणी फिरावं लागतं आणि दहानंतर फरशी अशी तापते की लहानगी कडेवरून उतरायला तयार होत नाहीत. पिशवीत सगळ्यांचे जाड मोजे टाका. दुपारी देऊळ बंद असतं. तेवढ्यात केळीच्या पानावर जेवून झोप काढा.

मुख्य काम मात्र भिंतीपाशी. आवाराच्या नैऋत्य बाजूला तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, मराठीत आणि देवनागरीत! आजूबाजूला सगळं तमिळ, आणि मध्येच आपली अक्षरं. पोरांना लांबलचक माहिती सांगत बसू नका. ‘शहाजी’ आणि ‘एकोजी’ (म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी) शोधा म्हणावं, जो आधी शोधेल त्याला संध्याकाळी आइस्क्रीम. जुनी वळणं आणि सलग ओळी, त्यामुळे बोट फिरवत अक्षर लावावं लागतं. अर्धा तास आवाज येत नाही. (बोट हवेतच फिरवायचं, दगडाला हात लावायचा नाही.)

राजवाड्यात ब्राँझ मूर्तींपुढे मोठी माणसं रेंगाळतात. मुलांना आवडतो तो देवमाशाचा सांगाडा. सरस्वती महालाचं ग्रंथालय अभ्यासकांसाठी असतं, आपल्यासाठी त्याचं छोटं संग्रहालय. तिथल्या चिनी शिक्षांची चित्रं बघून आमचा धाकटा रात्री झोपेना, तेव्हा तुमचं पोर घाबरट असेल तर ती भिंत टाळा.

एक दिवस जास्तीचा असेल तर गाडी करून समुद्राकाठच्या मनोऱ्याला जा. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून सरफोजींनीच तो बांधला. जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. पाणी आणि खाऊ बरोबर घ्या.