एलएनजी जहाजाची टाकी थंड कशी करतात

गुहागर-दाभोळकडची बरीच पोरं आता गॅसच्या जहाजांवर जायला लागलीत आणि भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, दादा एवढा गॅस सिलिंडरसारखा दाबून भरतात का? नाही रे. घरच्या सिलिंडरमधला एलपीजी दाबाने पातळ होतो. जहाजातला एलएनजी म्हणजे पातळ केलेला नैसर्गिक वायू, मुख्यतः मिथेन, तो उणे १६२ डिग्रीपर्यंत गार करून पातळ केलेला असतो, टाकीत दाब जवळपास बाहेरच्या हवेइतकाच, आणि जागा लागते सहाशेव्या हिश्श्याएवढी.

समजा जहाज ड्राय डॉकमधून, म्हणजे दुरुस्तीच्या कोरड्या गोदीतून आलंय, टाकीत साधी हवा आहे. आधी टाकी कोरडी करा, मग इनर्ट गॅस, म्हणजे न पेटणारा वायू सोडून ऑक्सिजन बाहेर काढा, कारण हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की पेट घेतो. पण हा इनर्ट गॅस डिझेल जाळून केलेला असतो, त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, आणि तो आत राहिला तर पुढच्या थंडीत गोठून त्याची पांढरी पावडर होते आणि स्प्रेची भोकं, फिल्टर सगळं चोंदतं. म्हणून मग गरम मिथेनची वाफ वरून सोडायची, ती हलकी असते त्यामुळे वर राहते आणि जड इनर्ट गॅस खालून बाहेर ढकलला जातो.

आता खरं काम, कूलडाऊन. टाकीच्या वरच्या स्प्रे पाइपातून एलएनजी बारीक फवारायचं, ते आत उडून वाफ होतं आणि टाकीची उष्णता घेतं, ती वाफ कॉम्प्रेसरने परत किनाऱ्यावरच्या टर्मिनलला. मेम्ब्रेन टाकी (आतून पातळ पत्र्याचं अस्तर असलेली) सरासरी उणे १३० च्या आसपास येईपर्यंत हेच करत राहायचं, १० - १२ तास सहज जातात आणि इथे घाई अजिबात नको. टाकीचा आतला पत्रा स्टेनलेस स्टीलचा असेल तर जेमतेम १.२ मिलिमीटर जाड असतो, आकसायला जागा मिळावी म्हणून त्याला मुद्दाम घड्या पाडलेल्या असतात, एकदम गार केलात तर ताण एकाच जागी येतो. तापमानाचे आकडे स्वतः लिहून ठेवा, स्क्रीनवर दिसतंय म्हणून सोडू नका.

भरताना मॅनिफोल्डखाली, म्हणजे किनाऱ्याचे पाइप जहाजाला जोडतात त्या जागेखाली, जहाजाच्या बाजूवरून पाण्याचा पडदा चालू आहे ना ते बघा, कारण साध्या स्टीलवर एलएनजी सांडलं तर ते काचेसारखं तडकतं. टाकी ९८.५ टक्क्यांच्या वर नाही.

आणि अर्धवट भरलेली टाकी घेऊन समुद्रात जायचं नाही. मेम्ब्रेन टाकीत माल एकतर उंचीच्या ७० टक्क्यांच्या वर हवा नाहीतर तळाशी अगदी थोडा, मधे असला तर लाटांवर आतला माल भिंतींवर आपटतो. आपल्याकडचा पावसाळी समुद्र बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको, लाटा अडवणारा बांध पूर्ण नव्हता म्हणून दाभोळचं टर्मिनल कित्येक वर्षं पावसाळ्यात बंदच ठेवायला लागायचं.

माल उतरवताना पुढची फेरी लगेच असेल तर तळाशी थोडा ठेवाच, त्याला हील म्हणतात, वाटेत तोच फवारून टाकी गार ठेवता येते आणि पुढच्या बंदरात कूलडाऊनचे एवढे तास जात नाहीत.