गुंतवणुकीसाठी पहिली जागा घेताना

"पैसे बँकेत कुजवण्यापेक्षा जागेत टाक" हा सल्ला पगार सुरू झाला की घरोघरी मिळतो. देणारे बहुतेक काका-मामा पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कोथरूडला किंवा डोंबिवलीला घर घेऊन मोकळे झालेले असतात. ते तेव्हाचा भाव सांगतात, आजचा सांगतात. मधलं व्याज कोणी सांगत नाही. मी पुण्यात नोकरी करता करता भाड्याने द्यायला एक वन बीएचके घेतला. पण त्याआधी बराच काळ नुसते कागद वाचण्यात गेला, आणि नवख्याने हा काळ टाळू नये असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात चारचौघांसारखीच, प्लॉटपासून. रविवारी गाडी, नाश्ता, साइट व्हिजिट, सगळं फुकट. शिक्रापूरच्या पुढे एका शेतात मुरमाचा रस्ता, चुन्याच्या रेघा आणि "एनए (बिनशेती) होणारच आहे, आज टोकन टाका". मी गट नंबर, म्हणजे जमिनीचा सरकारी क्रमांक, मागितला. तेवढ्याने एजंटचा आवाज बदलला. गट नंबर मिळाला की डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवरून पंधरा रुपयांत निघतो, त्यामुळे कोणी दिलेल्या झेरॉक्सवर विसंबायचं कारण नाही.

त्या सातबाऱ्यावर भोगवटादारांच्या रकान्यात एकाखाली एक नावांची रांगच होती आणि क्षेत्र सामाईक. म्हणजे दोन गुंठे घेतले तरी ते नेमके कुठले, हे कागदावर कुठेच नाही. उद्या त्यातल्या एखाद्या बहिणीने वाटपाचा दावा लावला की आपणही कोर्टात. इतर हक्कांच्या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा, म्हणजे जमिनीवरचं कर्ज. नावाशेजारचे आकडे फेरफाराचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे असतात. ते फेरफार एकेक करून काढले की जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली ते उलगडतं. कंसातलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एकटा मालक नव्हे. भोगवटादार वर्ग 2 (सरकारी अटींवर धारण केलेली जमीन) दिसला तर विक्रीला सहसा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शिवाय आपण शेतकरी नसू तर शेतजमीन आपल्या नावावर होत नाही आणि दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडायला 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. त्यात अलीकडे काही सवलती आल्या आहेत, पण आपला गट त्यात बसतो का हे तहसील कार्यालयात विचारायचं, एजंटला नाही. मी तिथून टोकन न देता परतलो. नाश्ता मात्र चांगला होता.

मग फ्लॅट. इथे कागदांपेक्षा आकडेमोड जास्त बोलते. समजा पुण्यात 45 लाखांचा रिसेल फ्लॅट आहे. मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 3 लाख 15 हजार (खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी). नोंदणी 30 हजार, ब्रोकरचा टक्का, सोसायटीची हस्तांतरण फी धरली की 49 लाखांच्या घरात गेलो. भाडं 15 हजार धरा. वर्षाच्या 1 लाख 80 हजारांतून मेंटेनन्स, घरपट्टी आणि एक रिकामा महिना वजा केला की हातात जेमतेम 1 लाख 30 हजार. पावणेतीन टक्केसुद्धा नाहीत! 36 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता 31 हजारांच्या पुढे. 'भाड्यातून हप्ता फिटतो' हे ऐकायला छान. इथे निम्माही फिटत नाही. म्हणून माझा नियम असा की, दरमहा पडणारा हा खड्डा नोकरी गेली तरी सहा महिने भरून काढता येईल एवढी शिल्लक असल्याशिवाय कर्जाच्या वाटेला जाऊ नये. भाव वाढेल ही आशा ठेवावी, हिशोबात धरू नये.

बांधकाम चालू असलेली इमारत असेल तर महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प उघडून ताब्याची तारीख कितीदा पुढे गेली ते बघा. नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डर 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. वर जीएसटी 5 टक्के, परवडणाऱ्या घरांना 1 टक्का. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या घराला तो लागत नाही, आणि भाडंही लगेच सुरू होतं. मला रिसेल पटलं ते यामुळेच. रिसेलला इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा), आधीच्या खरेदीखतांची साखळी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि मालकी तपासणारा वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट हवाच. बँक करते म्हणून स्वतःचा वकील टाळू नका. बँकेचा वकील बँकेचं बघतो.

एवढं भांडवल नसेल तर शेअर बाजारात रीट आहेत, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारतींत गुंतवणारे ट्रस्ट. आपल्याकडे पहिला 2019 मध्ये आला. एक युनिटही घेता येतं. कागदांची कटकट नाही, पण भाव रोज खालीवर होतो, ते सोसायची तयारी हवी.

आता भाडेकरू. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, चहा होईपर्यंत काम उरकतं. पोलीस पडताळणीही त्याच आठवड्यात करून टाका. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी ना-वापर शुल्क लावेल. ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा 2001 चा शासन आदेश आहे. जास्तीचं बिल आलं तर आदेशाची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या. तरी ऐकलं नाही तर उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, पण शेजार सांभाळायचा असल्याने आधी सेक्रेटरींशी तोंडी बोललेलं बरं.