गार्डने मध्ये कधी पडायचं आणि कसं

रात्री दोन वाजता बी विंगच्या पार्किंगमध्ये दोन मुलं बाइकपाशी वाकलेली दिसली, तर धावत सुटू नका. आधी वॉकीवर जोडीदाराला सांगा: कुठे, किती जण, काय करतायत. ड्युटीवर एकटेच असाल तर गेट लावा, मगच जागा सोडा. मागच्या बाजूला आवाज झाला की गार्ड तिकडे पळतो आणि उघड्या गेटमधून तिसराच माणूस आत शिरतो. कोथरूड असो की वाघोली, एका गार्डच्या सोसायटीत हा धोका कायमचा.

दहा-बारा फुटांवर थांबा. एवढ्या अंतरावरून बोलणं ऐकू जातं आणि कुणी अंगावर आलंच तर मागे सरकायला वेळ मिळतो. थोडं तिरकं उभं राहा आणि त्यांची बाहेर पडायची वाट अडवू नका. कोंडीत सापडलेला माणूस हात उचलतो. वाट मोकळी दिसली आणि ते निघून गेले, तर बाइक वाचली, तुम्हीही वाचलात. टॉर्च डोळ्यांवर मारू नका, हातांवर धरा. हातात पाना आहे की चाकू, हे आधी कळायला हवं.

‘ए, कोण रे तू?’ म्हटलं की भांडण तिथेच सुरू. ‘कुणाकडे आलात, दादा?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. इथे एक चूक हमखास होते: ‘देशपांडेंकडे का, चारशे दोन?’ असं आपणच सुचवतो आणि समोरचा मान डोलावतो. नाव, विंग, फ्लॅट नंबर त्याच्याच तोंडून येऊ द्या, मग इंटरकॉमवर खात्री करा. रहिवासीच निघाला तर ‘सर, रात्रीची वेळ म्हणून विचारलं’ म्हणून विषय संपवा.

मध्ये पडण्याआधी दोनच गोष्टी पाहायच्या. कुणाच्या जिवाला आत्ता धोका आहे का? आणि मला एकट्याला हे झेपणार आहे का? जिवाचा प्रश्न असेल तर परवानगीची वाट पाहू नका. आग दिसली की अलार्म आणि 101. शॉक लागलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. वस्तूचा प्रश्न असेल तर बघा, गाडीचा नंबर टिपा, 112 लावा. सायकल पुन्हा घेता येते.

फ्लॅटमधून बाईची किंकाळी आली तर ‘घरातलं भांडण आहे’ म्हणून खाली बसून राहू नका. जोडीदाराला घेऊन वर जा, बेल वाजवा, दारातूनच विचारा. आत शिरू नका. मारहाण चालू असेल किंवा ती मदत मागत असेल तर लगेच 112. सेक्रेटरींना नंतर कळवलं तरी चालतं. त्यासाठी गार्डला कुणी रागावत असेल तर चूक कमिटीची.

गणवेश असला तरी कायद्याने गार्डला पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार कुठलाही नागरिक आरोपीला पकडू शकतो, पण गुन्हा त्याच्या डोळ्यांसमोर घडलेला हवा आणि तो दखलपात्र (पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) हवा (फरारी घोषित केलेल्या आरोपीची गोष्ट वेगळी). पकडल्यावर विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त 6 तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नुसत्या संशयावरून कुणाला केबिनमध्ये कोंडलं, तर डांबून ठेवल्याचा गुन्हा गार्डवरच दाखल होऊ शकतो. दांडा स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावापुरता. तो माणूस खाली बसला की दांडाही खाली.

पकडलंच तर कॅमेऱ्यासमोर खुर्चीवर बसवा. हात बांधू नका, खिसे तपासू नका, मोबाइल काढून घेऊ नका. खरा धोका पुढच्या पाच मिनिटांत असतो. ‘चोर, चोर’ ऐकून चार विंगमधली माणसं खाली येतात आणि त्यातला एखादा पहिली थप्पड मारतो. त्या क्षणी तुमचं काम उलटतं: आता त्या पकडलेल्या माणसाला वाचवायचं. त्याच्या आणि गर्दीच्या मध्ये उभे राहा, मोठ्याने सांगा, ‘पोलिसांना फोन केलाय, कुणी हात लावायचा नाही.’ गर्दीतल्या एखाद्या ओळखीच्या काकांना नावाने हाक मारून लोकांना मागे घ्यायला सांगा. नावाने हाक आली की माणूस गर्दीतून वेगळा होतो.

रजिस्टरमध्ये त्याच शिफ्टला लिहा. ‘संशयित इसम फिरत होता’ याचा पोलिसांना काही उपयोग नाही. ‘2:10, बी विंग पार्किंग, दोघे, एकाचा पांढरा शर्ट, उजव्या हातात कडं, बाइकच्या लॉकला हात’ असं लिहा. पाहिलं तेवढंच, अंदाज नको. डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राची) हार्ड डिस्क भरली की जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं, म्हणून सकाळी ड्युटी सोडण्याआधी सुपरवायझरला वेळ आणि कॅमेरा नंबर सांगून कॉपी काढून घ्या.