नव्या शिडांच्या बाबतीत या चुका टाळा

पावसाळा सरून समुद्र निवळला की मुंबईहून अलिबाग-मुरूडकडे शिडाच्या नौका निघू लागतात, आणि नवी शिडे चढवलेल्या नौकांवर दर हंगामात त्याच चुका पाहून मला मनापासून वाईट वाटते. सर्वांत महागात पडणारी चूक धक्क्यावरच होते. वारा वाढल्यावर शिडाचा खालचा भाग आवळून त्याचा विस्तार कमी करणे, म्हणजे रीफ घेणे, नव्या शिडावर एकदाही करून न पाहता लोक निघतात.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी एका मित्राच्या तीस फुटी नौकेवर होतो. सकाळी मतलईवर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर, मांडव्याहून निघालो, अकराच्या सुमारास वारा पडला आणि दुपारी नेहमीप्रमाणे वायव्येचा वारा पाठीशी आला. इथेच नवशिक्या फसतो. वारा १८ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) असला आणि नौका ६ नॉटने त्याच्याच दिशेने पळत असली, तर अंगाला तो १२ नॉटच जाणवतो. कोर्लईचा दीपस्तंभ बाजूला आला तेव्हा सुकाणू जड झाले, म्हणून रीफ घेण्यासाठी आम्ही नाळ, म्हणजे नौकेचे टोक, वाऱ्याकडे वळवली, आणि वळताच नौकेचा वेग वाऱ्यातून वजा होण्याऐवजी त्यात मिळू लागल्याने जाणवणारा जोर वीस नॉटच्या वर गेला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे शिडावरचा भार जवळजवळ तिप्पट झाला होता. त्यात रीफचा दोर बूमवर, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावर, जुन्या शिडाच्या मापाने बांधलेला होता आणि तो ज्यातून ओवतात ती नव्या शिडाच्या मागच्या कडेची कडी वीतभर मागे होती. दोर ओढला की कडी खाली येई, पण पुढे सरके, आणि शिडाचा फुगा तसाच राही. वीस मिनिटे शीड फडफडले, वरचे बॅटन (शिडाला ताठ ठेवणारी पट्टी) मोडले, मागच्या कडेची शिवण उसवली. शेवटी मेनसेल, म्हणजे हे मुख्य शीड, उतरवून नुसत्या जिबवर, म्हणजे पुढच्या लहान शिडावर, मुरूड गाठले.

तेव्हापासून मी नवे शीड पहाटेच्या शांत वाऱ्यात, नांगरावर असतानाच चढवतो, दोन्ही रीफ, म्हणजे शीड कमी करण्याच्या दोन्ही पायऱ्या, घेऊन पाहतो आणि दोराची गाठ कडीच्या किंचित मागे येईल अशी सरकवतो. दुपारी दक्षिणेकडे जाताना पाठीमागे पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागले की लगेच पहिला रीफ घेतो. वेग कमी होईल म्हणून कुरकुरणाऱ्यांचे मी ऐकत नाही.

फडफड ही दुसरी चूक. डेक्रॉनच्या, म्हणजे शिडाच्या पॉलिएस्टर कापडाला कडकपणा देणारे राळेचे लेपन फडफडण्याने भेगाळते आणि शिडाचा आकार हंगामाभरातच जातो. इंजिनवर वाऱ्यात तोंड करून, शीड वर ठेवून गप्पा मारत बसणाऱ्यांना हे कितीदा सांगावे?

हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, गच्च ताणण्याची घाई करू नये. पुढच्या कडेवरच्या आडव्या सुरकुत्या जेमतेम जातील इतकाच ताण पुरे. डोलकाठीच्या आडव्या दांड्यांना जेनोआ (पुढचे मोठे शीड) कुठे घासते, ते पहिल्याच दिवशी पेन्सिलने खूण करून तिथे ठिगळ लावून घ्यावे. बंदरात आल्यावर शिडावर आच्छादन घालावे, कारण कोकणचे ऊन शिवणीचा दोरा कापडाच्या आधी खाते. खाऱ्या पाण्याने भिजलेले शीड गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच घडी घालावी.